गुर्द्यानं तुझं काय घोडं मारलंय?

आमच्या गावात मेडिकलची चार दुकानं आहेत. तीन दुकानांत गोळ्या मिळतात, चौथ्यात शिव्या मिळतात. तरी गर्दी चौथ्यातच असते. हे का, ते सांगायला मला मुश्ताकभाईच सांगावे लागतील.

परंड्याहून बार्शीला जाताना लागणारं आमचं बाजाराचं गाव. स्टँडसमोर अप्पांचे गाळे आहेत, त्यातला एक माझा, पिको-फॉलचा. शेजारचा मुश्ताकभाईंचा. मधली भिंत इतकी पातळ, की गिऱ्हाईकाला पडलेली शिवी थेट माझ्या मशीनवर येते आणि साडीचा टाका चुकतो. सुरुवातीला मला वाटायचं, पलीकडं भांडण लागलंय. महिनाभरात कळलं, औषधविक्री चालू आहे.

प्रसंग साधारण असा.

"भाई, कंबर लई धरलीय. ती दुखीची गोळी द्या एक पाकीट."

"चिठ्ठी?"

"चिठ्ठी कशाला? नेहमीचीच हाय की."

इथं मुश्ताकभाई चष्मा कपाळावर ढकलतात. हे लक्षण सगळ्या स्टँडला ठाऊक आहे. रस्त्यापलीकडचा चहावाला स्टोव्ह बारीक करतो, म्हणजे नीट ऐकू यावं.

"नेहमीची? कवापासनं?"

"असंल की, ऊस लागणीपासनं."

"रोज खातो?"

"न्हाय न्हाय, रोज न्हाय. सकाळी एक आन् संध्याकाळी एक."

"मग रोज कशाला म्हणतेत रं, मुडद्या? एका दिवसात धा खाल्ल्यावर? कंबर दुखती तर कंबरंला शिव्या दे, मुकादमाला दे, मला दे. गुर्द्यानं तुझं काय घोडं मारलंय? त्यो बिचारा पाठीत गप बसून तुझं रगत धुतोय, आन् तू वरनं त्याच्या डोक्यात रोज दगूड घालतोय!"

गिऱ्हाईक बिचकून मागं सरकतं. पण सुटका नसते. पुढचा प्रश्न भररस्त्यात, खणखणीत आवाजात येतो.

"लघवी कशी हुती? फेस येतो का? साबणावानी?"

स्टँडवरच्या निम्म्या बायका पदर तोंडाला लावतात. माणूस लाजून काळानिळा होतो, मान हलवतो. मुश्ताकभाई त्याला बाकड्यावर बसवतात, दंडाला बीपीचा पट्टा आवळतात आणि पॅरासिटामॉलच्या मोजक्या गोळ्या देऊन डॉक्टरकडं पिटाळतात. "रगत आन् लघवी तपासून ये. क्रिएटिनिन म्हणायचं. म्हणता येत न्हाय तर मुश्ताकनं सांगितलेलं तपासा म्हण. कागद आणून दावल्याबिगर हितं पाय ठेवलास तर तंगडी मोडीन."

माणूस जातो. आणि नवल म्हणजे, कागद घेऊन परत येतो.

ते किडनी म्हणत नाहीत, मूत्रपिंड तर नाहीच. त्याचंही कारण त्यांनी मला एकदा रागारागानंच सांगितलं. "मूत्रपिंड म्हणलं की लोकांना शाळंतला छडी खाल्लेला तास आठवतो. किडनी म्हणलं की पेपरातली चोरी. गुर्दा म्हणलं की खाटकाच्या दुकानात टांगलेला दिसतो. डोळ्याला दिसला तरच माणसाला खरं वाटतं, बाई."

वय पासष्टीच्या पुढं. अंगात पांढरा सदरा, खिशाला पेन, दाढी मेंदीनं तांबूस. रागाची तांबूस की मेंदीची, असं चहावाला विचारतो, अर्थात त्यांच्या माघारी. धंदा त्यांचा यथातथाच. दुखीची गोळी हे खेड्यातल्या मेडिकलचं दूधदुभतं, आणि ह्यांनी ती म्हैसच विकून टाकलेली. बाकीचे तिघं दुकानदार त्यांना वेडा म्हणतात. पण त्यांच्या स्वतःच्या आयांना बीपी दाखवायचं झालं, की मुश्ताकभाईंकडंच धाडतात.

एकदा एका औषध कंपनीचा पोरगेलासा प्रतिनिधी आला. टाय, चकचकीत बॅग, तोंडात साखर. नव्या दुखीच्या गोळीचं पाठ केलेलं भाषण त्यानं सुरू केलं. मुश्ताकभाईंनी ते अख्खं ऐकून घेतलं, तेव्हाच मला शंका आली. मग म्हणाले, "बस. हात दे." पट्टा बांधला, आकडा बघितला, पुन्हा बांधला.

"तुझं वय काय रं?"

"तीस, सर."

"आन् ह्यो आकडा माझ्या बापाच्या वयाचा. बॅग ठेव हितंच. आधी दवाखान्यात जा."

"सर, पण मला आज अजून सात दुकानं…"

"सात दुकानं करशील आन् आठव्याला रगत धुयाच्या मशिनीवर जाशील! बीपीनं गुर्दं जातेत, ठावं हाय का तुला? विकतो औषधं आन् स्वतःच्या अंगाचा पत्ता न्हाय!"

बॅग खरंच ठेवून घेतली. पोरगा रडकुंडीला आला, गेला, चिठ्ठी दाखवून बॅग सोडवून घेतली. आता तो आमच्या भागात आला की गोळ्या विकायला नाही, बीपी मोजायला थांबतो.

त्याहून बाका प्रसंग लग्नातला. गावातलंच लग्न, सगळे नवरानवरीकडं बघत होते आणि हे वऱ्हाडाचे पाय बघत होते. त्यांची ती खोडच आहे. माणूस भेटला की चेहऱ्याआधी घोटे बघायचे. नवरदेवाचे मामा खुर्चीत बसले होते. मुश्ताकभाई सरळ गेले, त्यांच्या पायाशी वाकले आणि नडगीवर अंगठा दाबला. मामांना वाटलं, वधूपक्षाकडला कुणीतरी पाया पडतोय. त्यांनी मोठ्या मनानं डोक्यावर हात ठेवला, "सुखी राहा."

खालनंच आवाज आला, "म्या राहतो सुखी, तुमचं बघा! खड्डा पडलाय की हितं! बोट काढलं तरी भरून येईना!"

मांडवात गोंधळ. मामा उठून उभे राहिले. कुणी ह्यांचा दंड धरला, कुणी मामांचा. मामांनी पुढं आठवडाभर गावाचा उद्धार केला. मग गुपचूप सोलापूरला तपासून आले आणि एकदम गप्प झाले. काय निघालं ते कुणाला सांगितलं नाही. पण त्यांच्या गोळ्या आता मुश्ताकभाईंकडून जातात, आणि शुभकार्यात दोघं भेटले की मामा आपणहून धोतर वर करून पाय पुढं करतात.

हे सगळं मी भिंतीपलीकडून ऐकत होते, हसत होते. दुसऱ्याच्या अंगावरची शिवी ऐकायला गोड लागते. मग एक दिवस ती माझ्यावर आली.

गुरुवार होता, बाजाराचा दिवस. बाजाराला बायका साड्या घेऊन येतात, मला मान वर करायला फुरसत नसते. दुपारी मुश्ताकभाई दारात येऊन उभे राहिले. माझ्याकडं नाही, मशीनशेजारच्या बाटलीकडं बघत होते.

"बाई, ही बाटली सकाळी भरलेली हुती. आताबी भरलेलीच हाय."

"राहू द्या. तहान नाही."

"मागल्या गुरुवारीबी तहान नव्हती. उन्हानं रस्त्याचं डांबर पातळ व्हायलंय आन् तुम्हाला तहान न्हाय? शिकलेली बाई तुम्ही! गुर्द्यानं तुमचं काय…"

"पिऊन जाऊ कुठं?"

मी इतक्या जोरात ओरडले की पलीकडचा स्टोव्ह आपोआप बारीक झाला. साडी घेऊन बसलेल्या दोघी जणी दचकल्या. पण सुटलेलं तोंड आवरेना.

"सांगा की! पाणी पिऊन जाऊ कुठं? तुम्हा बाप्यांना अख्ख्या गावाच्या भिंती आहेत. स्टँडची भिंत, शाळेची भिंत, देवांच्या चित्रांच्या फरश्या लावल्यात ती पण भिंत. मी कुठल्या भिंतीला जाऊ? घर तिकडं ओढ्यापलीकडं. दुकान उघडं टाकून जाऊ? आणि ती कौसाबाई वांगी घेऊन बसलीय, ती तांबडं फुटायच्या आत वाडीवरनं निघते, दिवस मावळल्यावर पोचते. ती कुठं जाते, कधी विचारलंत? सगळ्या स्टँडला लघवीचं विचारता, आम्हाला कधी विचारलंत?"

मुश्ताकभाईंचा चष्मा होता तिथंच होता.

"जळजळीची, तापाची औषधं मी तुमच्याच दुकानातून नेते. नणंदेच्या नावावर. ह्या उन्हाळ्यात दोनदा नेली. पाणी पी म्हणे!"

ते उभे राहिले तसेच वळले आणि गेले. त्या दिवशी भिंतीपलीकडून एकही शिवी ऐकू आली नाही. मला थोडं वाईट वाटलं, पण थोडंच.

गाळ्यांच्या मागं बायकांसाठी एक संडास-मुतारी आहे. म्हणजे होती. गाळे बांधले तेव्हा अप्पांनी ती हौसेनं बांधून घेतली, दारावर ठसठशीत कुंकवाच्या बाईचं चित्र काढून घेतलं, नारळ फोडला, आणि आत सिमेंटची पोती भरली. अप्पांचा सिमेंटचा धंदा. कुलूपही त्यांचंच. इतकी वर्षं ती कुंकवाची बाई आमच्याकडं बघत होती, आम्ही तिच्याकडं. राग यायचा तोही आता येईनासा झाला होता. खरं भय तेच, राग येईनासा होणं.

मुश्ताकभाईंना मात्र तो ताजा ताजा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते अप्पांच्या ऑफिसात गेले. ऑफिस शेवटच्या गाळ्यात, दार उघडं, त्यामुळं सगळ्यांना ऐकू आलं.

"अप्पा, बायांच्या मुतारीतलं सिमिट काढा."

अप्पा हसले. "का रं? कुण्या बाईनं अर्ज केलाय का? तुला का लागली?"

"मलाबी लागती, अप्पा. दिवसातनं लई डाव लागती, वय झालंय. म्या तुमच्या मागल्या भिंतीला जातो. रोज. बायांनी कुठं जायाचं?"

"इतकी वर्षं जातात तिथं जातील."

"जात न्हाईत! हाच तर घोळ हाय! जात न्हाईत, म्हणून पीत न्हाईत. दिवसभर धरून ठेवतेत. खाली जळजळ, मग ताप, मग त्येच दुखणं वर गुर्द्यात चढतंय. मग त्या माझ्याकडं येतेत, दुसरीच्या नावानं औषध मागत. लाज त्यांना वाटती! वाटाया पायजे कुणाला?"

अप्पांचं हसू गेलं. "मुश्ताक, गाळा माझाय. लई बोलायचं असंल तर खाली कर आन् रस्त्यावर उभा राहून बोल."

"रस्त्यावरच बसतो," मुश्ताकभाई म्हणाले.

आणि बसले. पुढच्या गुरुवारी, ऐन बाजारात, दुकानातली प्लॅस्टिकची खुर्ची त्यांनी त्या कुंकवाच्या बाईच्या दारासमोर मांडली. पायाशी पाण्याचं तांब्या-भांडं. येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सांगायचे, "आज म्या पाणी पिणार. रोजच्यावानी पिणार. पण जाणार न्हाय. हे दार उघडून बाया जातील, तवाच म्या जाईन."

गावाला अशी करमणूक पुन्हा कधी मिळायची? बाजार अर्धा इकडंच लोटला. पोरंटोरं, रिकामटेकडे, मोबाईल वर धरून उभे. "चाचा, आणू का कलिंगड?" "चाचा, नळ सोडू का बारीक?" कुणीतरी खरंच एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओतून आवाज करून दाखवला. हशा. मुश्ताकभाई एकेकाला शिवी घालत होते आणि घटाघटा पाणी पीत होते.

मी मशीन बंद केलं. हसणाऱ्यांची तोंडं बघून माझ्या अंगाची आग होत होती. ह्यांतल्या प्रत्येकाची आई, बायको, बहीण त्याच बाजारात तोंडाला कोरड घेऊन बसलेली. आणि म्हाताऱ्याचं पोट फुगतंय, ह्याची ह्यांना मजा.

दुपार कलली तशा शिव्या कमी झाल्या. मग थांबल्याच. मुश्ताकभाईंनी मांडीवर मांडी घट्ट दाबून धरली होती. कपाळावर घाम, दाढीची टोकं ओली. ओठ हलत होते, बहुतेक अल्लाचं नाव घेत असावेत, किंवा अप्पांचं. मी जवळ गेले.

"मुश्ताकभाई, पुरे झालं. उठा. तुमच्या गुर्द्यानं तुमचं काय घोडं मारलंय?"

त्यांनी डोळे उघडले. हसतील असं वाटलं होतं. नाही हसले.

"माझी एका दिसाची गोष्ट हाय, बाई," ते दात आवळून म्हणाले. "तितक्यात जीव जायलाय. त्या कौसाबाईला इचारा, तिची किती वर्सांची हाय."

कौसाबाई चार हातांवर बसली होती. एका गिऱ्हाईकाला वांगी तोलत होती. तिनं ऐकलं. तागडी तशीच वर धरून ती थोडा वेळ मुश्ताकभाईंकडं बघत राहिली. मग तिनं तागडी खाली ठेवली. वांगी गोणपाटानं झाकली, पदर खोचला आणि चालत येऊन दारासमोर उभी राहिली.

"सरका, दाजी," ती एका मोबाईलवाल्याला म्हणाली, आणि वजनाचं लोखंडी माप कुलपावर घातलं.

कुलूप जुनं, गंजलेलं. दोन-तीन दणक्यांत निसटलं. दार उघडलं तसा आतून सिमेंटचा राखी भपकारा आला. वरपर्यंत पोती. कौसाबाईनं वरच्या पोत्याला हात घातला. ते एकटीला हलेना. मी दुसरं टोक धरलं. मग मिरचीवाली आली, बांगड्यांची पाटी ठेवून कासारीण आली, साडी न्यायला आलेल्या माझ्या दोघी गिऱ्हाइकिणी आल्या. कुणी कुणाला बोलावलं नाही. दोघी-दोघी पोतं उचलायचो आणि अप्पांच्या ऑफिसच्या दारात नेऊन टाकायचो. हसणारे हळूहळू गप्प झाले. एकदोघांनी हात लावायला बघितलं, तर कासारीण फिसकारली, "ऱ्हाऊ द्या. तुमी फोटू काढा."

खालची पोती ओल धरून दगड झाली होती. ती निघेनात. एवढी वर्षं ते सिमेंट कुणाच्या घराला लागलं नाही, नुसतं आमच्या वाटेत बसून दगड झालं. ते बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं. लोहाराकडून पहार आणली आणि आळीपाळीनं फोडली.

तेवढ्यात अप्पा आले. दारातली पोती बघितली, बायका बघितल्या, आवाज चढवला. "कुणाच्या परवानगीनं? आं? चोरी हाय ही! पोलिसात देईन एकेकीला!"

कौसाबाई पहार टेकवून उभी राहिली. तोंडावर, पापण्यांवर सिमेंट.

"अप्पा, तुमची आय ह्याच बाजारात माळवं इकायची. माझ्या सासूच्या शेजारी बसायची. तुमी तिच्या मांडीवर हुता. ती दिवसभर कुठं जायची, इचारलं का कवा तिला?"

बाजारातली जुनी माणसं मागं उभी होती. त्यातल्या एकानं नुसती मान हलवली. अप्पा पोत्यांमधून वाट काढत ऑफिसात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

आत नळ नव्हता, फरशी फुटलेली, जाळ्या. चहावाल्यानं न सांगता दोन बादल्या पाणी आणून ठेवलं. पहिली कौसाबाई गेली. बाहेर आली तेव्हा आम्ही तिच्याकडं बघितलं, आणि ती बिचारी लाजली. साठीची बाई, लाजली. मग हसली, मग आम्ही सगळ्याच हसलो.

आणि मागं वळून बघितलं तर खुर्ची रिकामी. मुश्ताकभाई सदरा सावरत अप्पांच्या मागच्या भिंतीकडं पळत होते. ह्या वयाचा माणूस तसा पळताना मी बघितलेला नाही. बऱ्याच वेळानं परत आले तेव्हा अख्ख्या बाजारानं टाळ्या वाजवल्या.

"काय बघता रं?" ते गरजले. "तमाशा हाय का? आपापल्या घरी जा, बायांना पाणी द्या!"

दुसऱ्या दिवशी नळ जोडायला माणूस आला. कुणी पाठवला ते त्यानं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. गाळाही कुणी खाली करायला सांगितला नाही.

इथपर्यंतचे मुश्ताकभाई गावाला ठाऊक आहेत. पुढचे मलाही ठाऊक नव्हते. मंगळवारी त्यांचं दुकान बंद असायचं, माल आणायला जात असतील असं मी धरून चालायचे.

दिवाळीनंतर एका मंगळवारी मी बार्शीला गेले होते. नणंद तिथल्या एका दवाखान्यात बाळंत झाली होती. तिला बघून परत निघाले आणि जिना चुकले. वरच्या मजल्यावर एक लांब खोली लागली. ओळीनं खाटा, प्रत्येक खाटेशेजारी एक मशीन. नळ्यांतून रक्त मशीनमध्ये जात होतं, धुऊन परत अंगात येत होतं. माणसं छताकडं बघत पडलेली. इतकी तरणी माणसं तिथं असतील असं वाटलं नव्हतं.

खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारी होती. स्टुलावर कुणीतरी बसून तिचे पाय चेपत होतं. मी आवाजावरून ओळखलं नाही, कारण तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. इतका हळू. तांबूस दाढी दिसली तेव्हा कळलं, मुश्ताकभाई.

"बर्फाचा खडा हाय, आज्जी. तोंडात ठेवा. चावू नका, हळू चोखा. आजचा एवढाच. मग संध्याकाळी पुन्हा."

"पाणी दे रं बाबा. घोटभर."

"देतो की. जरा थांबा. एवढं मशीन हू द्या."

मी दाराशी उभ्या सिस्टरला विचारलं, त्या आजी त्यांच्या कोण.

"कुणी नाही," ती म्हणाली. "आजींना त्यांचा मुलगा इथं सोडून कामावर जातो. चाचा दर मंगळवारी येतात. ज्याच्याजवळ कुणी नसेल त्याच्याजवळ बसतात. त्यांची बायको यायची इथं. ती गेल्यावर येणं बंद होईल असं वाटलं होतं आम्हाला."

तेवढ्यात त्यांनी मला बघितलं. ताडकन उठले, आवाज पुन्हा ओळखीचा झाला. "तुम्ही हितं काय करताय? कुणाला काय झालं? बोला की लवकर!"

बाळंतपण आहे म्हटल्यावर खाली बसले. म्हणाले, "मुबारक."

संध्याकाळच्या एसटीनं आम्ही बरोबरच परत निघालो. खिडकीबाहेर ज्वारी पोटरीला आली होती. ते आपणहूनच बोलायला लागले, बाहेर बघत.

"माझी जुबेदा कासारणीसंग बांगड्या घेऊन बाजार करायची. पाटीनं गुडघं गेलं तिचं. संध्याकाळी म्हणायची, 'जी, वो गोली देव ना एक.' घरचंच दुकान, बाई. चिठ्ठी कुणाला मागायची? म्याच द्यायचो. बीपी कवा मोजलं न्हाय तिचं. गावाचं मोजायचो."

कंडक्टर येऊन गेला. ते थांबले, तो पुढं गेल्यावर पुन्हा बोलले.

"मशिनीवर गेल्यावर पाणी मोजून द्यायचं असतंय. गुर्दं लघवीच करत न्हाईत, मग पाणी जाणार कुठं? फुफ्फुसात भरतंय. डॉक्टरनं सांगितलेलं, जास्ती द्याल तर जीव घ्याल. ती मागायची. आधी गोड बोलून मागायची, मग रडून. मे महिना. म्या न्हाय म्हणायचो. ऐकायची न्हाय, उठून माठाकडं जायची. मग म्या ओरडायचो. जन्मात कवा तिच्यावर आवाज चढवला नव्हता, शप्पत. तवा लई ओरडलो. माठ उचलून शेजारच्या घरात नेऊन ठेवला."

एसटी खड्ड्यातनं गेली. त्यांनी समोरचा दांडा धरला.

"सवय लागली ती लागलीच. आता घरात गेलं की ओरडाया कुणी न्हाय. दुकानातच ओरडून घेतो सगळं."

मला सुचलं ते बाईमाणसाला सुचतं तेच.

"दुपारी जेवता काय तुम्ही?"

"खातो काहीबाही. हॉटेलातनं भजी आणतो."

"उद्यापासून माझ्या डब्यात तुमची भाकरी असेल. भाजी जास्तीची आणीन. दोघांनी बसून खाऊ."

ते माझ्याकडं वळले. डोळे ओले होते, पण भुवया चढलेल्या. चष्मा कपाळावर गेला.

"मीठ कमी टाका," ते खेकसले. "तुम्हा लोकांचा हात लई सैल असतोय."